भरतीची वेळ माझ्या पोटात आहे

मी टेप बोलतोय. टेपरेकॉर्डर हे माझं पूर्ण नाव, पण ते खोक्यावर छापलं होतं तेवढंच. घरात मला सगळे टेपच म्हणत आले. आधीच सांगून ठेवतो, मी काही साधुसंत नाही. माझं निम्मं आयुष्य गाण्यात गेलं आणि निम्मं जळण्यात. कुणावर जळलो, तेच सांगायला बसलोय.

मला मस्कतहून आणलं. हरेशचा मेहुणा तिकडे कामाला होता. सुट्टीवर येताना त्यानं मला दोन टॉवेलांत गुंडाळून बॅगेत घातलं आणि पेणच्या खाडीकाठच्या गावात, हरेशच्या ओटीवर आणून ठेवलं. अंगानं मी चपटा. पुढे बटणांची रांग, त्यातलं एक लाल. वर आकडे फिरणारं छोटं चाक. मी ऐकलेलं जपून ठेवतो आणि सांगितलं की बोलून दाखवतो. एवढंच माझं काम, पण एवढ्यावर त्या गावात माझी काय वट होती! कुणाच्या घरी हळद लागली की मला न्यायला माणूस यायचा. मांडवात स्टूल, स्टुलावर धुतलेला रुमाल आणि रुमालावर मी. मी गायला लागलो की नवरदेवाकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

हरेशची आई इंदुबाई. नवऱ्याबरोबर तीस वर्षं मिठागरात राबलेली बाई. पहिल्यांदा माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला आणि मग दुपारभर माझ्याशीच बोलत बसली. मला ती बोलका बाबा म्हणायची. खरं सांगतो, त्या घरात माझं पहिलं माणूस तीच.

पुढे हरेशला धाटावला कंपनीत नोकरी लागली. रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथं त्यानं दोन खोल्या घेतल्या. बायको सगुणा आली, मुलगी प्रतिक्षा शाळेत जायला लागली, नवरा गेल्यावर इंदुबाईही गाव सोडून मुलाकडे आली. माझी जागा टीव्हीशेजारच्या फळीवर. हरेश शिफ्टवरून आला की आधी माझं बटण दाबायचा आणि मग पायातले बूट काढायचा. दिवस बरे चालले होते.

ब्याण्णव सालच्या गणपतीत तो काळा पाहुणा आला.

कंपनीतले हैबतराव साहेब एका रविवारी पिशवीत काहीतरी घेऊन आले. त्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला होता आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. बाहेर काढला तर काय, पाटीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, स्वतःचा आवाज धड नाही. पडद्यासाठी टीव्ही लागतो आणि बाकी सगळ्यासाठी मी लागतो. पी हळद आणि हो गोरी असं काही नसतं म्हणतात, पण या डब्याचं तसंच झालं. आल्या दिवशी सगळं घर त्याच्याभोवती.

साहेब जाताना हरेशला म्हणाले की दसऱ्यापर्यंत राहू दे. पोरगी नुसते खेळ खेळत बसली तर मी तो माझ्या भाच्याला देईन. पण तिनं स्वतःच्या डोक्यानं त्यावर काही करून दाखवलं, तर तो तिचाच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला येतो.

प्रतिक्षा तेव्हा नववीत. त्या दिवसापासून तिनं त्या डब्यापुढे जी मांडी ठोकली ती ठोकली.

आता माझं त्याच्याशी काय काम, ते सांगतो. या महाशयांच्या लक्षात काहीही राहत नाही. दोन तास बसून पोरीनं शिकवलं आणि वीज गेली की गडी कोरा. नाव विचारा, गाव विचारा, काही ठाऊक नाही. म्हणून त्याला एका वायरीनं मला जोडायचं. त्यानं किंचाळायचं, मी ती किंचाळी कॅसेटवर धरून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मी ती परत किंचाळून त्याला सगळं आठवून द्यायचं. म्हणजे विसरायचं त्यानं, लक्षात ठेवायचं मी आणि हुशार कोण? तर तो! सगुणानं जुन्या साडीचं कापड काढून त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं. दहा वर्षं माझ्यावर धूळ बसते आहे, मला कुणी हातरुमाल टाकला नाही.

आणि गाणी? गाणी बंद. माझ्या तोंडून आता फक्त क्यँऽऽऽ, खर्रर्र, क्यँऽऽऽ. सगुणा म्हणायची, डोकं उठलं.

सुरुवातीला तर रोज रडारड. मी बोलायचो ते त्याला कळायचंच नाही. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं यायची, टेप लोडिंग एरर. बघा म्हणजे. काम नीट झालं तर माझं नाव कुठेही नाही, आणि बिघडलं की पहिलं नाव माझं. नाचता येईना अंगण वाकडे! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी रोह्याच्या बाजारातला रेडिओवाला सुशील आला. तो माणूस शांत डोक्याचा. त्यानं एकेक करून सांगितलं. आवाज फार मोठा नको, फार बारीक नको. सहा आणि सातच्या मधे ठेव. तिथं त्यानं बॉलपेनानं रेघ मारली. भरून घेताना वायरीच्या दोन्ही पिना लावू नकोस, एक काढ, नाहीतर आवाज आवाजात घुसतो. टीव्हीला चिकटून ठेवू नकोस. पट्टी ढिली वाटली तर पेन्सिल घालून ताण. आणि कॅसेटच्या दाराआड हा चकचकीत तुकडा दिसतो ना, नखाएवढा, हे हेड. पट्टी याला घासूनच जाते. हे आठवड्याला स्पिरिटनं पूस. हेडच्या बाजूला बारीक स्क्रू आहे, त्याला मात्र कधी हात लावू नकोस. तो फिरला तर या टेपनं आजवर भरलेलं सगळं त्याला स्वतःलाच वाचता येणार नाही.

प्रतिक्षानं हे वहीत लिहून घेतलं आणि तसंच्या तसं केलं. माझी खरखर त्या डब्याला कळायला लागली. मला आनंद झाला का? मुळीच नाही. मला वाटत होतं, नाही जमलं तर दसऱ्याला ब्याद टळेल.

पोरगी करत काय होती, तेही ऐका. इंदुबाईला अक्षर कळत नाही, पण खाडीला पाणी कधी भरेल ते ती तिथीवरून सांगते. मिठागरावर राहिलेल्या माणसाला ते यावंच लागतं, पाणी चुकलं तर आखलेले मिठाचे वाफे बुडतात. तिचा हिशोब सोपा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आमच्या गावापर्यंत पाणी चढायला वर आणखी पाऊण तास. आणि मग तिची बारीकसारीक टिपणं सुरू व्हायची, उत्तरेचा वारा असेल तर काय, आवसेला काय, भादव्यात काय. हे सगळं आजीच्या तोंडून काढून प्रतिक्षा डब्यात घालत होती. तिथी सांगितली की डब्यानं पाण्याची वेळ सांगायची.

मी बघत राहिलो. जी बाई माझ्याशी बोलायची, ती आता त्याच्यापुढे बसून बोलत होती. त्यानं बरोबर उत्तर दिलं की ती बोटं कानशिलावर मोडून त्याची दृष्ट काढायची. याची! ज्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही त्याची!

आली खंडेनवमी. हत्यारांची आणि यंत्रांची पूजा. सकाळी प्रतिक्षानं सगळं पुसून लख्ख केलं. माझं दार उघडून कापसाच्या बोळ्यानं हेड पुसत होती, तर इंदुबाई शेजारी येऊन बसली आणि विचारायला लागली की एवढं काय जपून पुसतेस. पोरगी सहज म्हणाली की आजी, हा ऐकतो तो इथनंच आणि बोलतो तोही इथनंच, याचा जीव इथंच आहे.

मग आंघोळ करून इंदुबाई पूजेला बसली. हरेशची स्कूटर झाली. कोयता झाला. डब्याला बोटभर कुंकू आणि झेंडूची माळ. मी म्हटलं, झालं, आपल्याला एखादी पाकळी मिळेल. पण इंदुबाई माझ्यापुढे आली, पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू घेतलं, माझं दार उघडलं आणि अनामिकेनं थेट हेडवर लावलं. आधी हळद, मग कुंकू. दार लावलं आणि मला हात जोडले.

त्याला वरवर, मला आतून! माझ्या मनात ढोल वाजायला लागले. त्या काळ्याकडे मी असं बघितलं की बस. पूजा केलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही हा इंदुबाईचा नियम, त्यामुळे दोन दिवस मी त्या मानात बसून राहिलो. कुंकू वाळून घट्ट झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रतिक्षानं वायर जोडली, कॅसेट घातली, बटण दाबलं. मी बोलायला लागलो आणि माझं मलाच कळलं की आवाज घोगरा येतोय. पडद्यावर आलं, टेप लोडिंग एरर.

तिनं परत लावलं. परत तेच. आवाजाची रेघ बघितली, बरोबर. वायर बदलली. मला टीव्हीपासून लांब खाटेवर नेलं. पेन्सिलीनं पट्टी ताणली. वहीतलं एकेक वाक्य वाचून केलं. फक्त हेड बघितलं नाही, कारण ते तिनं स्वतःच्या हातानं परवाच पुसलं होतं. वहीत मूळ आराखडा होता, पण नंतरच्या शंभर दुरुस्त्या तिनं थेट पडद्यावरच केलेल्या. त्या फक्त माझ्याकडे होत्या. साडेचार वाजले.

मला ठाऊक होतं काय झालंय ते. आणि मी लाज सोडून सांगतो, मला बरं वाटत होतं. सहा वाजता साहेब येणार, डबा मुका बसणार, साहेब त्याला पिशवीत घालून नेणार. माझं कुंकू जागच्या जागी राहील आणि माझी फळीही. आणखी काय पाहिजे?

हरेश पूल ओलांडून सुशीलला घेऊन आला तोवर सव्वापाच झाले होते. सुशीलनं एकदा ऐकलं आणि म्हणाला, हेड सरकलंय. खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. प्रतिक्षानं त्याचा हात धरला. तिला तेवढंच सांगता आलं की स्क्रू फिरवला तर सगळं जाईल. सुशील म्हणाला की निदान बघू तरी दे, आणि त्यानं दार उघडून आत बॅटरी मारली.

"यात कुंकू कुणी लावलं?"

इंदुबाई चुलीपाशी होती. ती उठून दारात आली.

"मीच लावलंय. त्याचा जीव तिथंच हाय ना?"

हरेशच्या तोंडावर काहीतरी आलं होतं. आये, तुला कोणी सांगितलं होतं, असं तो म्हणायला लागला तोच प्रतिक्षा मधे पडली. म्हणाली, बाबा, तिला मीच सांगितलं होतं, आणि मीच पुन्हा उघडून बघितलं नाही.

इंदुबाईनं सुशीलला विचारलं की पुसलं तर चालेल ना? तो म्हणाला, पुसल्याशिवाय चालणारच नाही. मग ती खाली बसली. मला वाटलं कापूस घेईल. तिनं आधी हात जोडले.

"माफ कर रे बोलक्या बाबा. केलेली पूजा मोडते मी."

मी इतकी वर्षं इतकं ऐकलंय, पण कुणी माझी माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. त्या डब्याची मागितली का कुणी? नाही. पण त्या वेळी हे मनातसुद्धा आलं नाही, खोटं कशाला सांगू. मला नुसतं कसंतरी झालं.

प्रतिक्षानं स्पिरिटनं हेड पुसलं. चार बोळे लाल झाले, पाचवा पांढरा निघाला. सुशीलनं कॅसेटच्या पट्टीवर लागलेलं हलक्या हातानं टिपलं. पाच वाजून पन्नास मिनिटं. बटण दाबलं.

आता शेवटची गोष्ट कबूल करतो. माझ्या पोटात रबराचं छोटं चाक आहे. जुन्या टेपा त्याला पट्टी गुंडाळून घेतात आणि चुरा करून टाकतात, त्यात कुणी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. माझं चाक जुनंच होतं. एक क्षण पुरला असता. साहेबांच्या चपला जिन्यावर वाजत होत्या, आणि मी विचार करत होतो.

इंदुबाईनं माझ्या जाळीला कान लावला होता. क्यँऽऽऽ, खर्रर्र. माणसं कानात बोटं घालतात त्या आवाजाला ती कान लावून बसली होती, आणि पुटपुटत होती, बोल रे, बोल. तिला वाटत होतं तिच्या हातून नातीचं नुकसान झालं. मी चाक सरळ फिरवलं. चार मिनिटं एकही अक्षर न चुकवता बोललो. आयुष्यात इतकं नीट मी गाणंही म्हटलेलं नाही.

साहेब आत येऊन बसले. पडद्यावर प्रश्न आला, तिथी? इंदुबाई म्हणाली, आज एकादस. प्रतिक्षानं अकरा दाबलं. पडद्यावर आलं, नऊ वाजता. साहेबांनी हसून विचारलं की हे खरं कशावरून? इंदुबाई म्हणाली की आमच्या गावी बांधाला उघाडी हाय, पाणी सोडायचं दार. नऊला तिथं जाऊन उभे राहा, पाणी दाराच्या फळीला लागलं नाय तर मला सांगा.

साहेबांनी डब्यावर थाप मारली. म्हणाले, हुशार आहे. प्रतिक्षा, हा तुझा.

थाप डब्यावर मारली. मी शेजारीच होतो.

म्हणजे तो राहिला, आणि माझ्यामुळे राहिला. पुढली पाच वर्षं मी त्याची सेवा केली. इंदुबाईला काही नवीन आठवलं की प्रतिक्षा ते त्याच्यात घालायची आणि मी जपून ठेवायचो. माघातलं पाणी, मोठ्या उधाणाचं पाणी, कुठल्या वाऱ्यात किती उशीर. सगळं त्या एका कॅसेटमध्ये. जळत होतोच. जळणं काही सुटलं नाही.

मग एक दिवस वीज कमीजास्त झाली आणि काळा गेला. आतून धूर आला. सुशीलनं उघडून बघितलं आणि मान हलवली. त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत म्हणाला. सगुणानं झाकणासकट त्याला भंगारात दिलं. मी दोन दिवस खुशीत होतो. हरेशनं गाण्याची कॅसेट घातली, मी गायलो. पण घरात केबल आलेली, कुणी ऐकायला थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फळीवर गेलो.

आता नव्व्याण्णव साल आहे. प्रतिक्षा पेणला कॉलेजात जाते. तिथं मोठमोठे कॉम्प्युटर आहेत, पण त्यांना माझी वायर लागत नाही. इंदुबाई खाटेवर असते. गेल्या वर्षीपासून तिला तिथ्या आठवत नाहीत. पौर्णिमा झाली की व्हायची आहे, तेही समजत नाही. पाण्याचं विचारलं तर म्हणते, येतं की पाणी, नळाला येतं.

परवा दिवाळीच्या सुट्टीत प्रतिक्षानं मला खाली काढलं, फुंकर मारली, ती कॅसेट घातली आणि बटण दाबलं. मी बोललो. क्यँऽऽऽ, खर्रर्र. एक अक्षर गाळलं नाही. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. इंदुबाईनं खाटेवरून मान वळवली.

"काय बोलतो गो ह्यो?"

"तुझंच बोलतो, आजी. पण मला नाय समजत."

ते ऐकून मी गप्प झालो. कॅसेटही संपली होती म्हणा. इतकी वर्षं मी समजत होतो की लक्षात ठेवणं म्हणजे सगळं, आणि ते माझ्याकडे आहे. आता एका बाईचं सगळं शहाणपण माझ्या पोटात आहे, मी ते ओरडून ओरडून सांगतो, आणि जगात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कळत होतं त्या एकट्या मेल्याला.

म्हणून तुम्हाला विनंती करतो. तुमच्या माळ्यावर, कुणा साहेबाच्या कपाटात, रबराच्या बटणांचा तसला काळा डबा पडला असेल तर अष्टमीला हरेशच्या घरी आणून द्या. आवाजाची रेघ अजून पुसली नाही, हेड स्वच्छ आहे, वायर प्रतिक्षानं जपून ठेवली आहे. तो पुन्हा माझ्या फळीवर बसेल, पुन्हा सगळे त्याच्याच पाठीवर थाप मारतील, आणि मी पुन्हा जळेन. जळू दे मला. पण लवकर आणा. इंदुबाई अजून आहे, विचारते आहे मी काय बोलतो ते.